गादीची डावी बाजू

शलाका गुरसाळे आणि तिचा नवरा विश्वजित यांचा संसार किती सुखाचा आहे, हे त्यांना लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर एका गोधडीनं सांगितलं. शंभरापैकी अठ्ठ्याहत्तर. पास व्हायला पासष्ट लागायचे.

फोनवर आकडा आला तेव्हा कराडच्या गुरसाळे बेकरीत सकाळच्या पावाची शेवटची लादी संपत आली होती. विश्वजितनं आकडा आधी स्वतः वाचला, मग कारागिरांना वाचून दाखवला आणि मग गिऱ्हाइकांनाही सांगून टाकला. पाव घ्यायला आलेल्या त्याच्या जुन्या मास्तरांकडून तर त्यानं पैसेच घेतले नाहीत. "बारावीला मला छप्पन्न होते मास्तर, आणि तेही तुमच्या कृपेनं," तो म्हणाला. नंतर जिना चढून तो वर घरात आला, मैद्यानं माखलेल्या हातांनी शलाकाचे दोन्ही हात धरले आणि नुसता उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"आता बकुळा येणार," ती म्हणाली.

"येणार म्हणजे काय, आलीच समज."

बकुळा पाच वर्षांची होती आणि साताऱ्याच्या एका बालगृहात राहत होती. गेलं वर्षभर दोघं दर रविवारी तिला भेटायला जात. तिला एक खोड होती. झोप आली की ती शेजारच्या माणसाच्या कानाची पाळी चिमटीत धरायची, मगच डोळे मिटायची. एका रविवारी दुपारी तिनं विश्वजितच्या मांडीवर डोकं टेकलं, त्याचा कान धरला आणि झोपली. तो भला माणूस मान वाकडी करून तासभर तसाच बसून राहिला. पुढे आठवडाभर मान आखडलेली होती. त्या दिवसापासून दोघांच्या लेखी ती त्यांचीच मुलगी होती. कायद्याच्या लेखी मात्र मध्ये एक गोधडी होती.

त्या गोधडीचं खरं नाव 'सहनिद्रापट'. पण सरकारी केंद्रातून येणारी आणि चादरीखाली अंथरायची ती पातळ करडी वस्तू बघून लोकांनी तिला 'सरकारी गोधडी' म्हणायला दोन दिवससुद्धा घेतले नाहीत. तिच्यामागचं शास्त्र मात्र पक्कं होतं. बंदूक झाडली की दस्ता खांद्यावर मागे आदळतो. तसंच हृदयानं रक्त वर फेकलं की सगळं शरीर केसभर खाली सरकतं, प्रत्येक ठोक्याला. आपल्याला ते कळत नाही, पण गोधडीत विणलेल्या काचेच्या तंतूंना कळतं. श्वासाबरोबर छाती वरखाली होते, तेही कळतं. या दोन हालचालींवरून माणूस कुठल्या झोपेत आहे ते सांगता येतं, कारण झोप काही सपाट नसते. माणूस उथळ झोपेतून गाढ झोपेत उतरतो, तिथून स्वप्नांच्या झोपेत येतो, पुन्हा उतरतो. असा एक फेरा साधारण दीड तासाचा, आणि असे चारपाच फेरे झाले की सकाळ.

वर्षानुवर्षं एका गादीवर झोपणाऱ्या माणसांचे हे फेरे हळूहळू एकमेकांच्या जवळ सरकतात, असं संशोधकांना आढळलं. एक उतरला की दुसराही उतरतो. श्वास जुळतात, ठोक्यांची लय जुळते. ज्यांचं हे जास्त जुळतं ती जोडपी सरासरीनं जास्त सुखी असतात, असंही दिसलं. इथवर सगळं ठीक होतं. पण 'सरासरीनं' हा शब्द बिचारा फार नाजूक. सरकारी कचेरीच्या पायऱ्या चढताना तो हमखास गळून पडतो. पाऊस आला की छत्र्या उघडतात हे खरं, पण म्हणून कुणी छत्री उघडून पावसाची वाट बघत बसत नाही. सरकार बसलं. २०४३ साली नियम आला की दत्तक मूल हवं असेल, तर जोडप्याचा सहनिद्रांक निदान पासष्ट हवा. दुःखी घरात मूल जाऊ नये हा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल वाद नाही.

गोधडीला माणसं ओळखता यायची नाहीत, आणि तेही मुद्दाम. कुणाच्या बिछान्यात कोण झोपतं हे सरकारनं साठवून ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून तिला फक्त 'डावी व्यक्ती' आणि 'उजवी व्यक्ती' एवढंच समजायचं.

ती बसवायला आलेल्या माणसाला विश्वजितनं सगळं प्रामाणिकपणे सांगितलं होतं. "मी आठलाच आडवा होतो बरं का, आणि तीनला भट्टीवर जातो. ही झोपते साडेअकराला." शलाका परदेशातल्या मराठी मुलांना पडद्यावरून मराठी शिकवायची, आणि त्यांची दुपार म्हणजे कराडची रात्र.

"काळजी नको," तो माणूस म्हणाला. "गादीवर दोघं असली की ती मोजते. एक उठलं की आपोआप थांबते."

तीननंतर गादीवर कोण येतं, हे सांगावं असं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. लपवायचं काहीच नव्हतं. पण घरात हवा असते हे कुणी पाहुण्याला सांगतं का?

आरोग्याचे दाखले द्यायला शलाका साताऱ्याच्या केंद्रात एकटीच गेली. तिथल्या निद्रातज्ज्ञ डॉक्टर मीनल खटावकर चाळिशीच्या होत्या, बोलायला मोकळ्या आणि आपल्या कामावर जीव असलेल्या.

"बसा हो, तुम्हाला एक गंमत दाखवते. सगळ्यांना नाही दाखवत मी." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर दोन रेषा होत्या, डाव्या बाजूच्या माणसाची निळी आणि उजवीची केशरी. "रात्रीचा पहिला भाग बघा. तुमचं मुळीच जमत नाहीये. तुम्ही झोपेत उतरता तेव्हा ते वर येत असतात. समोरासमोरून येणाऱ्या दोन एसट्या एकमेकींना ओलांडून जाव्यात, तसं. पण आता तीननंतर बघा!"

तीननंतर दोन्ही रेषा एकमेकींना बिलगून चालल्या होत्या. एक खाली गेली की दुसरी खाली, एक वर आली की दुसरी वर, थेट सकाळपर्यंत.

"हजारो जोडप्यांची झोप पाहिली मी," डॉक्टर म्हणाल्या, "पण इतकं जुळलेलं क्वचितच. तुमचा अंक वर गेला तो या चार तासांच्या जोरावर. फक्त एक करा. मिस्टरांना रोज तीनला उठावं लागतंय. परत येतात पाचदहा मिनिटांत, पण रोज म्हणजे रोज. या वयात हे बरं नाही, एकदा लघवीची तपासणी करून घ्या म्हणावं."

शलाकाला हसू आलं आणि लगेच मावळलं. तीनला उठून विश्वजित परत येत नव्हता. तो खाली मैदा मळत असायचा. परत येऊन डाव्या बाजूला आडव्या व्हायच्या त्या तिच्या सासूबाई, शैलजाबाई. अंगानं भरदार सासू आणि भट्टीच्या धगीनं वाळलेला मुलगा. वजन दोघांचं सारखंच. गोधडीला फरक कळणार कसा?

"सांगते," असं कसंबसं म्हणून ती बाहेर पडली.

परतीच्या एसटीत तिला लग्नानंतरची ती रात्र आठवली. अकोल्याच्या भरल्या घरातली मुलगी ती. सख्ख्या-चुलत मिळून पाच बहिणी एका खोलीत झोपायच्या, कुणाचा पाय कुणाच्या अंगावर याचा पत्ता नसायचा. कराडला आल्यावर चौथ्याच रात्री तिला जाग आली, तर शेजारची गादी रिकामी आणि गार. तिला एकदम रडू फुटलं. आवाज नको म्हणून तिनं उशीत तोंड खुपसलं. तेवढ्यात दार लोटून सासूबाई आत आल्या. काखेत स्वतःची उशी. "सर पलीकडं," एवढंच म्हणाल्या आणि पाठ टेकून मिनिटभरात घोरायला लागल्या. त्या घोरण्यात शलाकाला जी झोप लागली, ती माहेरच्यासारखी. तेव्हापासून ही रीतच पडली. सासूसुनेची भांडणं झाली नाहीत असं नाही. मिठावरून झाली, पडद्यावरच्या मालिकांवरून झाली, एकदा तर आठवडाभर अबोला होता. पण अबोल्यातसुद्धा पहाटे तीनला उशी यायची ती यायचीच.

घरी पोचली तेव्हा शैलजाबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या. शलाका त्यांच्याशेजारी बसली आणि तिनंही दोन कांड्या ओढून घेतल्या.

"आई, त्या पहिल्या रात्री तुम्ही का आलात हो?"

"माझ्या टायमाला कुणी आलं न्हाई म्हणून." सासूबाईंनी मान वर केली नाही. "तुझे सासरे बी तीनला भट्टीवर जायचे. एकवीस वर्षं त्या गार गादीवर पडून ऱ्हायले मी. भिंतीपलीकडं आमच्या सासूबाई जाग्या असायच्या. त्यांच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू यायच्या मला. त्या बी बेकरीवाल्याच्याच बायको ना! दोघी दोन खोल्यांत टक्क जाग्या, पर उठून येणार कोण? तसली रीतच न्हवती." त्यांनी एक पाकळी ताटलीत टाकली. "त्या गेल्यावर वाटलं, आपुनच जायला पायजे हुतं. तवा का सुचलं न्हाई, देव जाणे."

शलाकानं मग रेषांची सगळी हकीकत सांगितली. शैलजाबाई आधी हसत सुटल्या. पदरानं डोळे पुसपुसून हसल्या. मग हसू एकदम ओसरलं.

"म्हंजी पोरगी येणार न्हाई?"

"खरं सांगितलं तर नाही यायची."

"मग नगंस सांगू. मी बी न्हाई सांगत. विश्वाला बी सांगू नगंस, त्याचं तोंड केवढंसं हुईल."

पण शलाकाच्या पोटात गोष्ट राहायची नाही. दुपारी विश्वजित जेवायला वर आला तेव्हा तिनं त्याला सांगून टाकलं. त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे ते अठ्ठ्याहत्तर तुझे आणि आईचे."

"अहो, तुमचेपण आहेत त्यात."

"आहेत ना. खाली ओढायला." तो हसला. "झकास. बायको माझी आणि संसार आईचा." आणि जेवण अर्धवट टाकून तो खाली गेला आणि आदल्याच दिवशी साफ केलेली भट्टी पुन्हा साफ करत बसला. त्याला लागलं होतं. आपण रोज पहाटे बायकोला एकटं टाकून जातो ही बोच त्याला पहिल्यापासून होतीच. त्या आकड्यानं ती बोच चार दिवस तरी काढली होती, आणि आता ती दुप्पट होऊन परत आली.

संध्याकाळी मात्र तो कंबर कसूनच वर आला. "खोट्यावर पोरगी आणायची नाही," तो म्हणाला. "पण खोट्याचं खरं करता येईल की! भट्टी कारागीर बघतील. मी सकाळपर्यंत गादीवरून हलणार नाही. आई, तू तुझ्या खोलीत झोपायचं. गोधडी अजून परत दिलेली नाही. नव्यानं मोजू आणि तोच आकडा पाठवू."

पुढच्या चार रात्री गुरसाळ्यांच्या घरात कुणाचाच डोळ्याला डोळा लागला नाही. तीनला विश्वजितचे डोळे टक्क उघडायचे. शलाकाची झोप मोडू नये म्हणून तो फळीसारखा ताठ पडून राहायचा, आणि शेजारी फळी पडलीय म्हणून शलाका जागी व्हायची. दोघंही एकमेकांसाठी झोपेचं सोंग घ्यायची. पलीकडच्या खोलीत शैलजाबाई कुशी बदलायच्या आणि त्यांच्या बांगड्या वाजायच्या. खाली कारागिरांनी एक दिवस पाव करपवला, दुसऱ्या दिवशी कच्चा ठेवला, आणि मास्तर पाव परत घेऊन आले. पाचव्या सकाळी फोनवर सहनिद्रांक आला. एकोणचाळीस.

"अठ्ठ्याहत्तरच्या निम्मे," विश्वजित म्हणाला. "आईचा वाटा कळला का?"

कुणी हसलं नाही.

त्या रविवारी दोघं बकुळाला भेटायला गेली. विश्वजित तिच्यासाठी खारी आणायला विसरला नव्हता. ती त्याच्या मांडीवर बसून खारीचे पापुद्रे एकेक करून सोलून खात होती. मध्येच तिनं विचारलं, "तुमच्या घरी रात्री कोण कोण असतं?"

"मी, हे बाबा आणि आजी," शलाका म्हणाली.

"रात्रभर?"

शलाकानं विश्वजितकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"इथे ना," बकुळा म्हणाली, "मावशी मला झोपवते आणि तिच्या घरी जाते. मग दुसरी मावशी येते. पण ती लगेच येत नाही. मला जाग येते तेव्हा मध्येच कुणी नसतं."

शलाकाला आपली ती चौथी रात्र आठवली. खोटं बोलायची तिची जी काही तयारी होती, ती तिथेच संपली.

"आमच्याकडे तीन वाजेपर्यंत बाबा असतात," ती म्हणाली. "मग ते पाव करायला जातात आणि त्यांच्या जागी आजी येते. मी सगळा वेळ असते."

बकुळानं पापुद्रा तोंडात धरून विचार केला. "मध्ये कुणी नाही असं होत नाही ना?"

"नाही बाळा, कधीच होत नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि पुढचा पापुद्रा सोलायला लागली.

बाहेर आल्यावर शलाका नवऱ्याला म्हणाली, "अहो, हिला खरं सांगितलंय. उद्या तिला घरी आणून पहिल्याच दिवशी काय शिकवायचं? आजी येते ते कुणाला सांगू नकोस म्हणून?"

विश्वजितनं खारीच्या रिकाम्या पिशवीची घडी घालून ती खिशात ठेवली आणि म्हणाला, "उद्याच जाऊ डॉक्टरांकडे. मी पण येतो."

डॉक्टर खटावकरांनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, मग त्या गंभीर झाल्या. त्यांनी तीननंतरच्या रेषा बाजूला काढल्या आणि फक्त नवराबायकोचा अंक काढला. एक्कावन्न.

"नियमाप्रमाणे मला हे प्रकरण बंद करावं लागेल," त्या म्हणाल्या. "का सांगितलंत हो? कुणालाही कळलं नसतं."

"बकुळाला कळलं असतं," शलाका म्हणाली. ती रडू लागली. विश्वजितनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टर पडद्याकडे बघत राहिल्या. "एक सांगू? माझा आणि माझ्या नवऱ्याचा अंक एक्क्याण्णव होता. सात वर्षांपूर्वी वेगळे झालो आम्ही. झोपेत फार छान जमायचं आमचं." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "थांबा जरा. हे काय आहे?"

त्यांनी तीनच्या आसपासचा भाग मोठा केला. "शेजारचं माणूस गादीवरून उठलं की गादी हलते आणि झोपलेल्याचं हृदय एकदा दचकतं. त्याला जाग येत नाही, पण रेषेत टोक उमटतं. प्रत्येकाच्या उमटतं. आमच्याकडे त्याला उठवणीचं टोक म्हणतात. शलाकाताई, तुमच्या रेषेत ते एकाही रात्री नाही." त्या केशरी रेषेवर बोट फिरवत गेल्या. "आणि मिस्टरांची रेषा बघा. माणूस उठतो तो एका झटक्यात. यांना जाग येते, पण गादी सोडायला हे दहाबारा मिनिटं लावतात. रोज! विश्वजितराव, करता काय तुम्ही एवढा वेळ?"

विश्वजितचे कान लाल झाले. "काही नाही हो, हळू उठतो."

"हळू म्हणजे कसं?"

"आधी काठावर सरकायचं. मग एक पाय खाली. लगेच उठलं की गादी फुगून वर येते आणि हिला हिसका बसतो. म्हणून अंगाच्या जागी उशी सरकवत न्यायची, थोडी थोडी. मग दुसरा पाय. चपला हातात घेऊन जायचं, त्या जिन्यात घालायच्या. दाराच्या कडीला तेल असतंच." सगळे आपल्याकडे बघताहेत हे लक्षात येऊन तो अजूनच ओशाळला. "पीठ फुगायला ठेवलं की आम्ही बेकरीत दार आपटत नाही. फुगलेलं पीठ खाली बसतं. ही तर रात्री दमून झोपलेली असते."

"मला वाटायचं," शलाका म्हणाली, "माझी झोपच गाढ आहे."

चौदा वर्षं. माहेरी जाऊन ती आईला कौतुकानं सांगायची की माझी झोप म्हणजे कुंभकर्णाची, हे कधी जातात तेसुद्धा मला कळत नाही. तिला एकदम या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की आपण डॉक्टरांच्या खोलीत आहोत याचंही भान राहिलं नाही. तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि सोडलाच नाही.

"याला अंक नाही," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "दोघं झोपलेली असली तरच आमची गोधडी मोजते. एकाच्या झोपेसाठी दुसरा काय करतो, ते मोजायचं आमच्यापैकी कुणाला सुचलंच नाही." मग त्या ताठ बसल्या. "मी प्रकरण बंद करत नाही. वर समितीकडे पाठवते. तिघांच्या रेषा जोडते. मुलीला जोडप्यात नाही, घरात झोपायचंय, असं लिहिते. ऐकतील की नाही माहीत नाही. पण लिहिते."

समितीनं दोनदा बैठक घेतली. एका सदस्याचं म्हणणं पडलं की सासू सुनेच्या गादीवर झोपते हे सुखाचं नव्हे, जागेच्या टंचाईचं लक्षण आहे. दुसऱ्यानं विचारलं की घरात तीन खोल्या असताना टंचाई कसली? तीन आठवडे गुरसाळ्यांच्या घरात फोन वाजला की तिघंही धावायची. शेवटी उत्तर आलं. सहा महिने मूल सांभाळायला द्यावं, नंतर घर पाहून कायमचा निर्णय घ्यावा, आणि कागदावर तिघांच्या सह्या असाव्यात. शैलजाबाई ठेवणीतली पैठणी नेसून सही करायला गेल्या.

बकुळा आली त्या रात्री तिनं गादी आधी हातानं चाचपून पाहिली. मग बरोबर मधोमध आडवी झाली, विश्वजितच्या कानाची पाळी चिमटीत धरली आणि आठच्या ठोक्याला दोघं झोपून गेली.

तीनला विश्वजितला जाग आली. त्या रात्री शलाकाही जागी होती, पण तिनं डोळे मिटलेले ठेवले आणि श्वास संथ चालू दिला. इतक्या वर्षांची त्याची कला तिला एकदा बघायची होती. तो काठाकडे सरकायला गेला आणि अडकला. कान बकुळाच्या मुठीत होता. त्यानं अलगद एक बोट सोडवलं. दुसरं सोडवेपर्यंत पहिलं पुन्हा घट्ट बसलं. त्यानं पुन्हा सुरुवात केली. दारात शैलजाबाई काखेत उशी धरून केव्हाच्या उभ्या होत्या आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून हसू दाबत होत्या. शलाकाला वाटलं की उठावं आणि पोरीचा हात सोडवून द्यावा. पण आपण हललो तर बिचाऱ्याची चौदा वर्षांची मेहनत पाण्यात जायची, म्हणून ती निपचित पडून राहिली.

बऱ्याच वेळानं शैलजाबाईंनाच दया आली. त्या पुढे झाल्या, मुलाच्या बाजूनं ओणवल्या आणि त्यांनी आपला कान बकुळाच्या हाताशी नेला. चिमटी उघडली, हवेत क्षणभर चाचपली आणि आजीच्या कुडीसकट कानावर जाऊन मिटली. पोरीचा श्वास जरासुद्धा बदलला नाही. विश्वजित इंचाइंचानं निघाला, आई इंचाइंचानं त्याच्या जागी आली, आणि तो चपला हातात घेऊन जिना उतरला.

त्या सकाळी कराडात गुरसाळ्यांचा पाव उशिरा मिळाला. विश्वजितच्या वडिलांच्या वेळेपासून असं कधी झालं नव्हतं. मास्तर रिकामी पिशवी घेऊन ताटकळले होते.

"काय रे विश्वा, भट्टी बिघडली का?"

"नाही मास्तर," लाल झालेला कान चोळत विश्वजित म्हणाला, "आज घरातून निघायला जरा वेळ लागला."